हिरवा खांब

"हिरव्या आहेत ना गं पुरेशा?" आत्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"पुरेशा? अगं, खांब बघ की केवढा झालाय!" मी लॅपटॉप तिच्याकडं वळवला.

पडद्यावर रंगारंगांचे खांब उभे होते. लाल बेताचा, पिवळा बुटका, जांभळा असून नसल्यासारखा, आणि हिरवा मात्र थेट वरच्या रेघेला टेकलेला. आत्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, खांबाकडं पाहिलं, "असतील बाई," म्हणाली आणि काचेच्या कपाटावरून फडकं फिरवायला लागली.

कराडात मंडईच्या मागच्या गल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. म्हणजे शकूआत्याचं. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच सासर सुटलं आणि ती माहेरी आली, तेव्हापासून आजोबांच्या गादीवर तीच बसायची. निम्म्या कराडच्या नवऱ्यामुली तिच्यासमोर हात पुढं करून बसल्या असतील. ती पोरीचा पंजा आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याखालचं हाड हळूच दाबायची, काहीबाही बोलत राहायची, आणि पोरीला कळायच्या आत बांगडी मनगटावर. मला ते बघताना नेहमी झोप यायची. वाईट झोप नाही हां, लहानपणी कुणी केसांतून हात फिरवल्यावर येते तसली.

मी मुळातच तंद्रीत राहणारी. त्या वर्षी तर जास्तच. माझं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं आणि मी परत आले होते. घरी अण्णांचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून सकाळीच दुकानात येऊन बसायचे. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. समोरच्या पत्र्यावरून ऊन आत यायचं, बांगड्यांच्या माळांमधून गाळून फरशीवर सांडायचं, आणि त्या लाल-हिरव्या उजेडात पाय ठेवून मी एका कानात इअरफोन घालून शिकत बसायचे. अभ्यासक्रमाचं नाव होतं मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स. सगळा ऑनलाइन. धंद्यात रोज काय आलं, काय गेलं, काय संपत आलं ते टिपायचं, आणि त्याचं असं चित्र मांडायचं की मालकाला एका नजरेत पुढचं पाऊल कळावं. कुणाला रुक्ष वाटेल. मला तर ती जादूच वाटायची. पसाऱ्यातून खांब उगवायचे!

अभ्यासक्रमाचं लघुरूप एमआयएस. आत्या त्याला 'मिस' म्हणायची. माझ्या कानात कुणीतरी मास्तरीणबाई बोलते, अशी तिची समजूत होती.

"आज काय म्हणाली तुझी मिस?"

"म्हणाली, माहिती वेळेवर मिळाली नाही तर ती असून नसल्यासारखी."

"हे सांगायला मिस कशाला लागती?" आत्या म्हणायची. पण कुणी गिऱ्हाईक मोठ्यानं बोलायला लागलं की तीच डोळे वटारायची. "हळू! पोरीचा तास चाललाय."

अण्णांशी माझं बोलणं झालं होतं. अभ्यासक्रम पुरा करून पास झाले तर पुण्याच्या एका कंपनीत बिझनेस अॅनालिस्टची जागा माझी होती. त्यांनी मुलाखत घेतली होती, फक्त निकालावर अडलं होतं. नापास झाले तर इस्लामपूरचं स्थळ. बिजवर, हार्डवेअरचं दुकान, दोन मुलं. माणूस वाईट नव्हता हो, कुणीच वाईट नव्हतं. पण मला नको होता. "पास झालीस तर मी अडवणार नाही," अण्णा म्हणाले होते, "पण नाही झालीस तर मग माझं ऐकायचं." मी हो म्हणाले होते. सगळं त्या शेवटच्या प्रकल्पावर येऊन थांबलं होतं.

प्रकल्प असा, की खऱ्या धंद्यासाठी खरी सिस्टीम बनवायची. ती महिनाभर दुसऱ्याच कुणीतरी वापरायची, आपण हात लावायचा नाही. आणि शेवटी परीक्षक व्हिडिओवरून ती चालताना बघणार. माझे परीक्षक तुस्कानो सर. वसईचे. बोलणं असं मऊ, की रागावले तरी समजूत काढल्यासारखं वाटायचं. त्यांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, "बटणांवरचे शब्द वापरणाऱ्याच्या भाषेत ठेवा. तुमच्या नाही, माझ्या तर नाहीच नाही."

मी ते अक्षरशः मनावर घेतलं. आत्यासाठी टॅबवर मोठी मोठी तीन बटणं केली. विक्री, वाढ आणि घट. आधी रंग निवडायचा, मग नग, मग बटण. आत्या एका दिवसात शिकली. "एवढंच होय! मला वाटलं, काय डोंगर हलवायचाय," म्हणाली.

मग महिनाभर मी नुसती बघत बसले. खोकी माळ्यावर असायची. आत्याचे गुडघे गेलेले, त्यामुळं ती म्हणेल ते खोकं मी काढून द्यायचे आणि पुन्हा येऊन पडद्यासमोर बसायचे. हिरवा खांब रोज जरा जरा वर चढायचा. मला वाटायचं, दुकानाला बरकत आलीय. कोल्हापूरचा माल देणारा विचारून गेला, "लगीनसराई आलीय, हिरव्या पाठवू का?" मी खांबाकडं बघून म्हणाले, "नको, भरपूर आहेत." आणि पुन्हा तंद्रीत. पुण्याचं ऑफिस कसं असेल, खिडक्या केवढ्या असतील, मी कोणता ड्रेस घालीन. कुणी विचारलंच, तुमचं लग्न झालंय का, तर मी काय सांगीन. तिथवर आलं की तंद्री मोडायची.

त्या दुपारी परीक्षा होती, आणि नेमका त्याच वेळी जगतापवहिनींनी त्यांच्या ऋतुजाला चुडा भरायला आणलं. लेकीची हळद दुसऱ्या दिवसावर आली होती. मी घाबरले. लॅपटॉपमधून सर हसले.

"असू दे, असू दे. हेच तर बघायचंय मला. तुम्ही तुमचं काम चालू ठेवा. रासने, तुम्ही फक्त जागा सोडायची नाही. परीक्षा संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून उठलात तर ती तिथंच बंद होते. नियम आहे, माझ्या हातात नाही."

"नाही उठत सर."

ऋतुजा पाटावर बसली. डोळ्यांत स्वतःच्या लग्नाची गुंगी. आत्यानं तिचा डावा हात मांडीवर घेतला आणि दाबायला सुरुवात केली. "हात कसा लोण्यासारखाय गं. ढिला सोड. नवऱ्याचं नाव काय?" ऋतुजा लाजली, तेवढ्यात दोन बांगड्या गेल्या. दुकानात सगळं शांत झालं. काचेची किणकिण तेवढी. सर पलीकडं हनुवटीला हात लावून बघत होते. मीही सगळं विसरून बघत राहिले.

डावा हात भरत आला आणि शेवटची बांगडी कच्चकन गेली.

"वाढली गं, वाढली," आत्या सवयीनं म्हणाली. तुकडे बाजूला सारले, दुसरी बांगडी घेतली, आणि मोकळ्या हातानं टॅबवर हिरवा रंग, एक नग, बटण. पडद्यावरचा हिरवा खांब केसभर वर सरकला.

"रासने," सर म्हणाले, "एक मिनिट. आत्ता ती बांगडी फुटली ना?"

मी बोलायच्या आधी आत्याच वळली. "फुटली नाही हो सर. वाढली."

"तेच विचारतोय. वाढली कशी?"

"अहो, वाढली म्हणजे वाढलीच की! बायका एवढ्या जोरानं हात आवळतात, मग वाढणार नाही तर काय होईल?"

"पण मला तर एक कमी झालेली दिसतेय."

"हां, मग बरोबर. वाढली ना ती!"

सर माझ्याकडं बघायला लागले, आणि माझी नजर टॅबवरच्या 'वाढ' बटणावर गेली.

आमच्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. सवाष्णीचं लेणं ते. फुटली, मोडली, तुटली हे शब्द कासाराच्या जिभेवर येतच नाहीत. नारळ वाढवतात तशी बांगडी वाढते. हे मला पाळण्यापासून माहीत होतं. इतकं माहीत होतं, की त्या एका शब्दाला दोन अर्थ आहेत हेच मला सुचलं नाही. 'वाढ' लिहिताना माझ्या मनात नवा माल होता, 'घट' लिहिताना फुटका. आत्यानं ते बटण पाहिलं आणि तिला वाटलं, पोरीनं आपल्या रीतीचं किती भान ठेवलंय. नवा माल आला तरी ती तेच दाबायची, बांगडी वाढली तरी तेच. 'घट'ला तर ती मरेपर्यंत बोट लावणार नव्हती.

"आत्या," मी विचारलं, "महिन्याच्या सुरुवातीला हिरव्यांचं खोकं आलं, त्यातल्या किती वाढल्या होत्या?"

"अगं, तो ट्रकवाला! निम्मं खोकं वाढलेलं आलं. सगळं टाकलं की मी तुझ्या मशिनीत."

मी नोंदी उघडल्या. महिन्यात नवा माल दोनदाच आला होता. ती दोन खोकी सोडून बाकीच्या सगळ्या वाढी मी उलट्या केल्या. आणि तो माझा उंच, देखणा, महिनाभर ज्याच्यावर मी भाळले होते तो हिरवा खांब सरसर खाली आला आणि जमिनीला टेकला. माळ्यावर हिरवं काही नव्हतंच. फुटलेल्या काचेचा खांब होता तो.

"काय झालं गं? कुठं गेल्या सगळ्या?" आत्यानं विचारलं.

"कुठं गेल्या नाहीत. नव्हत्याच."

ऋतुजाचा डावा हात कोपरापर्यंत हिरवा होता, उजवा रिकामा. अर्धा चुडा भरून पाटावरून उठायचं नसतं, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. तरी पोरगी घाबरून म्हणाली, "मी उठू का?"

"हलायचं नाही!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

गल्लीच्या टोकाला दस्तगीरभाई मणियारांचं बांगड्यांचं दुकान होतं. मी धावत जाऊन आणल्या असत्या. मी अर्धी उठलेही.

"रासने..." सर हळूच म्हणाले.

आत्याचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिनं मला खाली दाबलं. "तू बस. ती पण बसू दे. येते मी." आणि ज्या बाईनं जन्मात कधी दुसऱ्या दुकानातून एक बांगडी मागितली नव्हती, ती गुडघ्यांवर हात टेकत, चप्पल शोधत, उन्हात बाहेर पडली.

दुकानात उरलो आम्ही दोघी न उठायच्या, एक भडकलेली आई, आणि लॅपटॉपमधले सर.

"कासाराच्या दुकानात हिरव्या बांगड्या नाहीत!" वहिनींचा आवाज चढला. "माझंच चुकलं. लोक सांगत होते. ज्या घरात आत्या-भाचीची दोघींचीही लग्नं मोडलेली, तिथं चुड्याला पोरीला आणू नये म्हणून."

"आई!" ऋतुजा म्हणाली.

मला रडू फुटलं नाही, पण डोळ्यांपुढचं सगळं पाण्यात गेल्यासारखं हललं. खरं सांगते, त्या क्षणी मला इस्लामपूर दिसलं. खिळ्यांचे, बिजागऱ्यांचे डबे दिसले, आणि त्यांच्यामागं बसलेली मी. सर ऐकत होते, हे आणखी वाईट.

त्यांनी घसा साफ केला. "रासने, परीक्षेपुरतं विचारतो. अहवालात मला चूक नोंदवावी लागेल. वापरणाऱ्याची म्हणून नोंदवली तर थोडे गुण जातील, तुम्ही पास व्हाल. रचनेची म्हणून नोंदवली तर प्रकल्प पुन्हा करावा लागतो. पुढच्या सत्रात. कुणाची लिहू?"

पुढचं सत्र म्हणजे सहा महिने. पुण्याची जागा तोवर राहणार नव्हती आणि अण्णांना दिलेला शब्द राहणार होता. वापरणाऱ्याची, एवढंच म्हणायचं होतं. आत्याला त्यातलं काही कळलं नसतं. बाहेर रस्त्यावर ती चालताना दिसत होती. भिंतीला हात लावत, थांबत, पुन्हा चालत.

"रचनेची लिहा सर," मी म्हणाले. "तिचं काही चुकलं नाही. तिच्या तोंडात नाही तो शब्द मी तिच्या बोटाखाली ठेवला. आणि तिच्या तोंडातला शब्द उचलून त्याचा भलताच अर्थ लावला. तुम्ही सांगितलं होतंत वापरणाऱ्याच्या भाषेत लिहा म्हणून. मी लिहिलं नाही. मला वाटलं लिहिलंय."

सरांनी काहीतरी टिपलं. माझं झालं ते झालं, असं म्हणून मी उसासा टाकला. आणि मग, कशी कोण जाणे, भीतीच निघून गेली. ऊन तिरपं झालं होतं, सगळ्या दुकानभर रंग पसरले होते, आणि ऋतुजा तिचा भरलेला हात छातीशी धरून माझ्याकडं बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "बटणाचं नाव बदलता येतं का?"

मी तिच्याकडं पाहिलं. मग सरांकडं.

"परीक्षा अजून बंद केलेली नाही मी," सर म्हणाले.

मी बसले कामाला. पहिलं बटण तसंच राहू दिलं. 'वाढ' काढलं, तिथं लिहिलं 'माल आला'. 'घट' पुसून टाकलं, आणि त्याच्या जागी लिहिलं 'वाढली'. आणि त्या बटणाच्या पोटात वजाबाकी घातली. बोटं आपोआप चालत होती. बाहेरचं काही ऐकूच येत नव्हतं मला. वहिनी अजून पुटपुटत होत्या, "मोडलेल्या घरात पाय ठेवला तो ठेवलाच..."

"वहिनी." दारात आत्या उभी होती. घामानं निथळत होती, पदरात हिरव्या बांगड्या. "पोरगी तुमची, गिऱ्हाईक तुम्ही, काय बोलायचं ते बोला. पण तो शब्द ह्या दुकानात बोलायचा नाही. माझ्याबद्दल नाही आणि माझ्या पोरीबद्दल तर नाहीच नाही. नवऱ्यामुलीला बसवलंय समोर."

वहिनींनी लेकीकडं पाहिलं आणि खाली बघत म्हणाल्या, "चुकलं माझं, आत्या. घाबरले हो मी."

"घाबरायचंच असतं आईनं," आत्या म्हणाली आणि धप्पकन बसली. "दस्तगीरभाईनं मोजल्या पण नाहीत. म्हणाला, पोर पाटावर बसलीय आणि तू मोजत काय बसतीस? हात दे गं इकडं. उजवा."

पुन्हा किणकिण सुरू झाली. आत्या दमली होती. मधेच एक बांगडी कच्चकन गेली.

"वाढली," आत्या म्हणाली आणि टॅबकडं हात नेला. तिचं बोट क्षणभर थांबलं. तिनं बटणावरचं नवं नाव वाचलं आणि दाबलं.

हिरवा खांब केसभर खाली आला.

सर बघत होते. चुडा पुरा झाला, ऋतुजा पाटावरून उठली, दोन्ही हात किणकिणवत तिनं आत्याला वाकून नमस्कार केला. मग माझ्यापाशी आली आणि माझ्याही पाया पडायला लागली. मी तिला अर्ध्यातच धरलं. तिनं लॅपटॉपलाही हात जोडले. सर गडबडले, त्यांनीही जोडले.

"काय रासने," सर शेवटी म्हणाले, "चूक रचनेची, असंच लिहितोय. प्रकल्प पुन्हा करावा लागेल, हेही लिहितो. आणि खाली लिहितो, की विद्यार्थिनीनं तो परीक्षकांसमोर, वापरणाऱ्यासह, पुन्हा केला. पास आहात तुम्ही. उठा आता."

मला उठताच येईना. पायांना मुंग्या आल्या होत्या. आत्या म्हणाली, "बघा, म्हातारी मी आणि पाय हिचे गेले," आणि आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत सुटलो. हसता हसता मी कधी रडायला लागले कळलं नाही.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. मला बोलवेना. आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि तिच्या सवयीप्रमाणं कराडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हां, वसंता. संपली परीक्षा. तुझं ते इस्लामपूरचं स्थळ वाढलं बघ."

मी कान लावून उभी. अण्णा कारखान्यात नोकरी करत असले तरी कासाराच्या घरात वाढलेले, त्याच गादीवर खेळलेले.

"वाढलं?" त्यांनी विचारलं.

"वाढलं."

"बरं झालं गं आक्का," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला इतका हलका कधी ऐकू आला नव्हता. "शब्द पाळायला लागतोय की काय, लई दिवस भीती वाटत होती मला."